शेटजींकडे बाकी राहिलेले तीन दिवस

दुकानात काय विकायचं हे ठरायच्या आधी मी दुकानाचा बोर्ड करून घेतला.

नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पेंटर होता. पत्र्याचा मोठा बोर्ड, पिवळ्यावर लाल अक्षरं. वर कुलदैवताचं नाव, त्याच्यापुढे 'एंटरप्रायजेस'. त्याखाली 'आमचे येथे सर्व प्रकारचे' एवढं लिहून पेंटरनं ब्रश थांबवला आणि विचारलं, "सर्व प्रकारचे काय?"

मी म्हणालो, "तेवढी जागा सोडा. ठरलं की कळवतो."

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. "मंग शेवटचं 'मिळतील' लिहून टाकू?"

"ते टाका."

अशा रीतीनं 'आमचे येथे सर्व प्रकारचे' आणि 'मिळतील' यांच्यामध्ये हातभर पिवळी मोकळी जागा असलेला बोर्ड जीपच्या टपावर बांधून मी तीर्थपुरीला, आमच्या गावी आलो. वाटेत जीप जिथं जिथं थांबली तिथं लोक बोर्ड वाचत, मोकळ्या जागेशी थांबत आणि खाली बसलेल्यांत याचा मालक कोण असावा ते शोधत. मी खिडकीबाहेर कपाशी बघत होतो.

एवढी घाई कशाची होती, तर लग्नाची. सहा वर्षं मी संभाजीनगरात खोली करून स्पर्धा परीक्षांची तयारी केली. बायोडाट्यात 'व्यवसाय' या रकान्यापुढे सहाही वर्षं 'तयारी' असंच लिहिलेलं होतं. शेवटी आमचा मध्यस्थ अण्णांना म्हणजे माझ्या वडिलांना म्हणाला, "पाटील, तयारी तिशीपर्यंत चालती. पुढं 'स्वतःचा व्यवसाय' लिहावं लागतं." अण्णांनी तोवर दुसऱ्यांच्या लग्नाला जाणं सोडलं होतं, कारण मांडवात जेवणाआधी लोक "तुमच्याचं कधी?" हे वाढत. आणि नेमकं त्याच महिन्यात एक स्थळ आलं होतं. मुलगी जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत बी उगवतं की नाही ते तपासायचं काम करत होती. फोटोत बाकीच्या मुली हसतात, ही काहीतरी मोजत असल्यासारखी बघत होती. मला फोटो फार आवडला. पाहुणे, म्हणजे मुलीचे वडील, म्हणाले होते की महिन्याभरात येऊ, दुकान बघू, मग बोलू. म्हणजे दुकान पाहिजे होतं, आणि महिन्याभरात पाहिजे होतं.

स्टँडजवळ सात गाळ्यांची एक ओळ होती. तिचे मालक शेटजी. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, कापडाचा धंदा केला. भाऊबंद पुढं नवीन जालन्यात आडतीत आणि बियाण्यात शिरले. शेटजी मात्र गाळे सांभाळत इथंच राहिले. अंगात बाह्यांचं बनियन, पांढरा लेंगा, चष्म्याला काडीऐवजी दोरा. मारवाडी फक्त बायकोशी, म्हणजे काकीजींशी, भांडताना बोलत. एरवी त्यांची बोली आमच्यापेक्षा अस्सल होती, कारण आम्ही परीक्षेच्या नादात पुस्तकासारखं बोलायला लागलो होतो.

गाळ्यांच्या मागं त्यांचं घर. तिथं पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला वाटावं, आपण बाजारपेठेतच उभे आहोत. बंद पडलेल्या दुकानाचा बोर्ड भाडेकरू नेत नसे, आणि शेटजी तो फेकत नसत. न्हाणीघराचं दार म्हणजे झेरॉक्सचा बोर्ड. हौदावरचं झाकण म्हणजे ब्यूटी पार्लरचा. एका जिमचा बोर्ड दोन बाजांवर आडवा टाकलेला असे, आणि त्यावरच्या पैलवानाच्या फुगलेल्या दंडावर काकीजी मुगाचे पापड वाळत घालत. शेटजी म्हणत, "पत्रा चांगला वापरत्यात पोरं. हे एक मानावंच लागतं."

मी बोर्ड त्यांच्यापुढे उभा केला. त्यांनी चष्म्याचा दोरा डोक्यामागं नीट केला आणि सावकाश वाचलं. मोकळ्या जागेशी त्यांनीही तेवढाच वेळ घेतला जेवढा अक्षरांना घेतला होता.

"सर्व प्रकारचे काय?"

"ते ठरायचंय."

"बराबर." मग एकदम म्हणाले, "कोणत्या भरतीत राह्यला?"

मी भरतीचं काही बोललोच नव्हतो. तरी सांगितलं.

"किती मार्कानं?"

"दोन."

"या टायमाला दोनवाले लई आले," शेटजी म्हणाले. "मागच्या टायमाला पाचवाले होते. बसा कलेक्टरसाहेब."

पुढं ते मला शेवटपर्यंत याच नावानं हाक मारत राहिले.

शेटजी वर्तमानपत्र घेत, पण त्यात बाजारभाव वाचत नसत. भरतीच्या जाहिराती आणि निकाल वाचत. निकाल जवळ आला की रिकामे गाळे झाडून, पाणी मारून तयार ठेवत. निकालानंतर आठ दिवसांत पहिलं गिऱ्हाईक येई, बहुतेक वेळा बापाला सोबत घेऊन. मी त्यांना म्हणालो की मी परीक्षेत यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय, बेरोजगारी वाढली की त्या भागात नवे उद्योग निघण्याचं प्रमाणही वाढतं.

"वाढतं ना. बिलकुल वाढतं. माझे सातीच्या सात गाळे भरून जातात." त्यांनी जिमच्या बोर्डाकडे बघितलं. "पर किती दिवस वाढतं, ते लिहिलं का तुम्ही?"

ते पुस्तकात नव्हतं.

"ऐका मंग. आपल्याकडं दुकान दोन टायमाला निघतं. कापूस चांगला झाला तर, आन् भरती हुकली तर. कापसाच्या साली गिऱ्हाईक आधी येतं, दुकान मागून येतं. भरतीच्या साली दुकानदार आधी येतो, आन् मंग आम्ही दोघं मिळून गिऱ्हाईकाची वाट बघतो."

"पण कारखाने आहेत की जालन्यात," मी म्हणालो.

"हाइत. पर तिथं भट्टीपुढं उभं राहावं लागतं. तुम्हाला जिथं खुर्ची पाहिजे तिथं जागा न्हाई, आन् जिथं जागा हाय तिथं खुर्ची न्हाई. मंग पोरगं स्वतःची खुर्ची घेतं, तिच्यापुढं काउंटर टाकतं आन् त्याला दुकान म्हणतं." हे ते चिडून नाही, पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं बोलत.

गाळा द्यायला ते कधीच नाही म्हणत नसत. फक्त दोन गोष्टी करायला लावत. एक म्हणजे वीजमीटरच्या शेजारच्या भिंतीवर एका प्रश्नाचं उत्तर पेन्सिलीनं लिहायचं. प्रश्न सगळ्यांना एकच, "नोकरी लागली तर?" गाळा हवा तो रंग मारून घ्या, मीटरची भिंत तेवढी सोडून. माझ्या गाळ्याच्या भिंतीवर माझ्याआधीची चार-पाच उत्तरं होती. 'नोकरी नकोच.' 'दुकान भावाच्या नावे करीन.' 'मरेपर्यंत धंदा.' मरेपर्यंतवाला सातव्या महिन्यात वनरक्षक म्हणून गेला होता आणि शेटजींना दिवाळीला फोन करत होता. मी त्याखाली परीक्षेच्या अक्षरात लिहिलं, 'नोकरी लागली तरी दुकान चालूच राहील,' आणि अधोरेखित केलं.

शेटजींनी वाचलं. "अक्षर लई सुंदर हाय."

दुसरी गोष्ट म्हणजे तीन दिवस बसणं. गाळ्यात माल नाही, काउंटर नाही, बोर्ड नाही. लोखंडी स्टूल, शंभरपानी वही आणि पेन. शटर उघडायचं, दिवेलागणीपर्यंत बसायचं. येणारा जाणारा आपण होऊन जे विचारेल ते लिहायचं. मोबाइल शेटजींच्या ड्रॉवरमध्ये. माल तीन दिवसांनंतर, नारळ त्याच्याही नंतर.

मला हे हास्यास्पद वाटलं. सहा वर्षं मी अभ्यासिकेत बसलो होतो, आता आणखी तीन दिवस रिकामं बसायचं? मी घरातला जुना, बंद पडलेला मोबाइल ड्रॉवरमध्ये जमा केला आणि खरा खिशात ठेवला. पहिल्या दुपारीच शटर अर्धं ओढून तिन्ही दिवसांची वही लिहून काढली. मोबाइलचे कव्हर, चार्जर, इअरफोन, काचेचं स्क्रीनगार्ड. मामेभावाचं अंबडला मोबाइलच्या सामानाचं दुकान होतं, त्यामुळे माल मला पाठ होता. उरलेले दोन दिवस सिनेमे बघितले.

तिसऱ्या संध्याकाळी शेटजींनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग मिटली.

"बस कुठं हाय?"

"कुठली बस?"

"कोणतीबी. स्टँडाजवळच्या गाळ्यात बसलेल्या माणसाला पहिला सवाल बसचा असतो. गेली का, आली का, घनसावंगीची कधी हाय. मी चाळीस वर्षं त्याच सवालाचं उत्तर देऊन राह्यलो. तीन दिवसांत तुम्हाला एकानंबी बस विचारली न्हाई?"

मी रस्त्याकडे बघितलं. एक बस उभी होती.

त्यांनी ड्रॉवर उघडून मोबाइल माझ्या हातात दिला. "आन् हा फोन तीन दिवसांत एकदाबी वाजला न्हाई. नोकरीवाल्याचा वाजत न्हाई एखाद्या वेळेस. बिननोकरीच्या माणसाला तर लोक जास्त फोन करतात, तो रिकामा हाय म्हणून."

मला वाटलं, आता गाळा जातो. पण शेटजींनी वही गाळ्यातल्या खिळ्याला अडकवली, किल्ली दिली आणि म्हणाले, "दुकान टाका. पर तीन दिवस तुमचे माझ्याकडं बाकी राह्यले."

मग मी तो पिवळा बोर्ड बाहेर काढला आणि मोकळ्या जागेत स्टँडवरच्या एका मुलाकडून 'मोबाइलचे साहित्य' असं बारीक अक्षरात घुसवून घेतलं. दुकान सुरू झालं. रस्त्याच्या त्या बाजूला आधीच मोबाइलची दुकानं ओळीनं होती. त्यातली बरीचशी माझ्यासारख्यांचीच. सकाळी आम्ही सगळे आपापल्या पायरीवर पाणी मारायचो, एकमेकांना हात करायचो, आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या दुकानात गिऱ्हाईक जातंय का ते बघायचो. शेटजी येता-जाता म्हणत, "तुम्ही दुकान टाकलं न्हाई, समोरच्याची नक्कल टाकली. त्यानंबी कोणाची तरी नक्कलच टाकली व्हती. पयला कोण व्हता, ते आता कोणालाच आठवत न्हाई."

पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी मी माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी व्यवस्थापकीय योजना आखली. माझ्यासोबत अभ्यास केलेले तिघं मित्र होते. त्यांना सांगितलं, "दर दहा मिनिटांनी एक जण या. काहीतरी घ्या. मला ओळख दाखवू नका."

तिघंही बरोबर वेळेवर आले. आजवर कुठल्याच परीक्षेला इतक्या वेळेवर गेले नव्हते. फक्त एवढंच, की तिघंही सध्या पोलीस भरतीच्या एकाच अकादमीत धावायला जात होते, आणि तिघांच्याही अंगात अकादमीचा तोच निळा टी-शर्ट होता.

पाहुणे स्टुलावर, मुलगी खुर्चीवर, अण्णा बाहेर पायरीवर पाहुण्यांच्या ड्रायव्हरशी पिकापाण्याचं बोलत. पहिला निळा टी-शर्ट आला. चार्जर घेतला. दुसरा आला, त्यानं इअरफोन घेतले, आणि जाताना सवयीनं म्हणाला, "येतो रे." तिसऱ्याला भीती वाटली असावी, तो चार्जर उचलून पैसे न देताच गेला, आणि मीही मागायचं विसरलो. मग दुसराच परत येऊन पुन्हा इअरफोन मागू लागला, कारण तिघांनंतर कोण याचं आम्ही काही ठरवलंच नव्हतं.

मुलीनं खिळ्यावरची वही काढून चाळायला घेतली होती. मान वर न करता म्हणाली, "यांनी मघाशीच इअरफोन नेले ना?"

मित्र म्हणाला, "ते... दुसऱ्या कानासाठी."

आणि तेवढ्यात खरं माणूस आलं. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी शटरशी थांबली. "बाबा, घनसावंगीची गेली का?"

"आत्ताच गेली आजी. आता पाऊण तासानं," मुलगीच म्हणाली. तिला कसं माहीत, असं मी बघितलं तर ती म्हणाली, "आम्ही उतरल्यापास्नं तीन जणांनी हेच विचारलं, पायरीवरनं तुमच्या वडिलांनी सांगितलं. तुम्ही ऐकलं न्हाई?"

मला दरदरून घाम फुटला. पंखा चालू होता.

पाहुणे उठले. आमच्याकडे मुलाची चौकशी घरमालकाकडे करायची रीत आहे. घरमालक म्हणजे गाळ्याचा मालक, म्हणून ते मागं शेटजींकडे गेले. मीही मागोमाग गेलो आणि न्हाणीघराच्या दारामागं, झेरॉक्सच्या बोर्डाआड उभा राहिलो. मनात म्हणालो, शेटजी, एकच वेळ. आयुष्यात एकदा थोडं कमीजास्त बोला.

"शेटजी, पोरगा कसाय?" पाहुण्यांनी विचारलं.

"पोरगा बराय."

माझा जीव भांड्यात पडला.

"आन् दुकान?"

शेटजींनी पापडावरची माशी हाकलली. "दुकान बरं न्हाई."

पाहुणे सभ्य होते. घरी जाऊन चार दिवसांनी कळवलं की पत्रिका जमत नाही. अण्णांनी फोन ठेवला आणि खाट उचलून दाराबाहेर टाकून पडले. ते काहीतरी बोलले असते तर बरं झालं असतं.

मी तडक शेटजींकडे गेलो. जे जे तोंडाला आलं ते बोललो. तुमची मुलं जालन्यात गादीवर बसलीत, तुमचं काय जातं, माझं लग्न मोडलं तुम्ही, एक शब्द खोटा बोलला असता तर काय आभाळ कोसळलं असतं. काकीजी दारात येऊन उभ्या राहिल्या. शेटजींनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये पाणी दिलं, प्यायल्यावर मी आणखी थोडं बोललो.

मी थांबल्यावर ते म्हणाले, "नकार तुम्हाला आला का दुकानाला?"

"एकच ते!"

"एक कसं? मी दोन वेगळे सांगितले. तुम्ही मागं उभं राहून ऐकलं की. तुमचे पाय दिसत व्हते दाराखालून." मग सावकाश म्हणाले, "मी खोटं बोललो असतो तर लग्न झालं असतं. दुकान दिवाळीच्या पुढं गेलं नसतं. मंग ती पोरगी तुम्हाला रोज सकाळी विचारती, आज काय करायचं? माझ्याकडं अशे सवाल रडत रडत येतात कलेक्टरसाहेब. बायका येतात, किल्ली घेऊन."

दुकान दिवाळीपर्यंतही गेलं नाही. उरलेला माल मामेभावाला परत दिला. शटर ओढायच्या दिवशी शेटजी पावशेर पेढे घेऊन आले. ही त्यांची रीतच होती. उघडायचे पेढे भाडेकरूनं वाटायचे, बंद करायचे शेटजींनी. ओळीतल्या साऱ्या दुकानदारांना त्यांनी माझ्या बंद पडण्याचा पेढा दिला. "उघडताना सगळेच गोड खातात. बंद करायला जास्त हिंमत लागती, तेव्हा तोंड कडू काहून ठेवायचं?" लोक पेढा घेताना माझ्याकडे बघत, आणि मी मान डोलवत होतो, जणू सत्कार चाललाय.

पेढे संपल्यावर त्यांनी स्टूल आणून रिकाम्या गाळ्यात ठेवलं. "तीन दिवस बाकी हाइत."

या वेळी मी खरा मोबाइल दिला.

पहिल्या दिवशी वही नुसत्या बसनं भरली. मला वेळापत्रक पाठ झालं. दुसऱ्या दिवशी कुणी पाणी मागितलं, कुणी तहसीलच्या कागदांचं विचारलं, एकानं "इथं मोबाइलचं होतं ना? बरं झालं गेलं" असं म्हटलं. तेही मी लिहिलं, कारण नियम नियम होता. तिसरा दिवस बाजाराचा. सकाळीच एक शेतकरी पाठीवर बॅटरीचा फवारणी पंप घेऊन आला. "हा दुरुस्त होतो का इथं?" मी त्याला समोरच्या कृषी केंद्राकडे पाठवलं, तिथं पंपांची ओळ लावलेली होती. थोड्या वेळानं तो परत दिसला. म्हणाला, "ते विकतात, दुरुस्त करत न्हाईत. जालन्याला जा म्हणले. दिवस मोडतो माझा." दुपारपर्यंत आणखी तिघं पंप घेऊन आले. संध्याकाळी एक बाई आली, तिचा पंप तर खताच्या पिशवीत सुट्ट्या भागांत होता, नवऱ्यानं रागानं उघडला होता.

शेटजींनी वही माझ्याच हातात दिली. "मोठ्यानं वाचा."

मी वाचत गेलो. बस, बस, पाणी, बस. तिसऱ्या दिवसाच्या पानाशी, पंप, पंप, पंप करताना, माझा आवाज हळू झाला.

शेटजींनी फक्त बोटांवर पंप मोजले. तोंडानं सांगितलं असतं तर मी वाद घातला असता, हे त्यांना माहीत होतं.

"शेटजी, तुम्हाला आधीच माहीत होतं हे?" मी विचारलं.

"मला बसचं माहीत हाय. पंपाचं तुम्हाला माहीत झालं. मी इतके वर्षं इथं बसतो, पर मी दुकान टाकायच्या नजरेनं थोडीच बसतो? आन् सारेच तीन दिवस तुमच्यावाणी बसतात असंबी न्हाई. बरेच जण बसून, वही भरून, शेवटी मोबाइलचंच टाकतात."

दोन महिने मी नवीन जालन्यात एका मेकॅनिकच्या हाताखाली बसलो. पदवी विज्ञानाची, पण वायर सोलताना पहिल्याच दिवशी बोट सोललं. परत येऊन पहिला पंप उघडला, जोडला, तर दोन स्क्रू उरले. ते मी गुपचूप खिशात घातले. चाचणी घ्यायला मागच्या अंगणात गेलो आणि दांडी दाबली, तर पाणी नळीऐवजी झाकणातून उडालं आणि काकीजींचे अख्खे पापड, पैलवानासकट, ओले झाले. काकीजींनी मारवाडीत जे सांगितलं ते मला शब्द न कळता पूर्ण कळलं. शेटजी म्हणाले, "स्क्रू काढा खिशातले."

बोर्ड तोच ठेवला. 'मोबाइलचे साहित्य' खरवडून काढलं आणि 'फवारणी पंप दुरुस्त करून' असं लिहिलं. 'आमचे येथे सर्व प्रकारचे' त्याला चपखल बसलं. नारळ फोडायच्या आधी शेटजींनी पेन्सिल पुढं केली आणि मीटरची भिंत दाखवली. माझं जुनं अधोरेखित उत्तर तिथंच होतं. बराच वेळ उभा राहून मी त्याखाली लिहिलं, 'नोकरी लागली तर जाईन.'

मला वाटलं आता बोलतील. ते चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "खरं लिहिणारा हा पयला भाडेकरू. आता जल्दी जाणार न्हाई तुम्ही."

पुढच्या हंगामात पंपांनी गाळा भरला. पावसाळ्यात लोक पंप टाकून बाजारात जायचे, येताना घेऊन जायचे, आणि वाट बघताना एकमेकांना बसची वेळ विचारायचे, ती मीच सांगायचो. शेटजी रोज दुपारी स्टुलावर येऊन बसत. आता ते मुलाकडे नवीन जालन्यात असतात, गुडघे गेलेत, पण तिथंही निकालाची बातमी आली की मला फोन करतात, "गाळे झाडले का?" गाळ्यांचं बघायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलंय. स्टूल आणि वही माझ्याकडेच असते. तीन दिवस बसायला सांगितलं की पोरं माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, ती मला चांगली ओळखीची आहे.

पण ते नंतरचं. त्या पहिल्या हंगामात, पोळ्याच्या आसपास, दुपारी शेटजी स्टुलावर आणि मी जमिनीवर मांडी घालून, हातभर लागलेल्या औषधाच्या वासात, असे बसलो असताना मोटारसायकल थांबली. मागं पंप बांधलेला. उतरणारा माणूस म्हणजे तेच पाहुणे.

त्यांनी मला ओळखलं, मी त्यांना ओळखलं, आणि दोघांनीही सोयीसाठी पंपाकडे बघितलं. मी उघडला. वॉल्वमध्ये औषधाचा साका बसला होता. पाच मिनिटांचं काम होतं, मी पंधरा मिनिटं लावली, कारण प्रत्येक स्क्रू दोनदा मोजला.

पाहुणे पैसे देऊनही हलले नाहीत. बोर्ड वाचला. रांगेत थांबलेले चार जण बघितले, एकाच्याही अंगात निळा टी-शर्ट नव्हता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरगी अजून तशीच हाय. दोन नोकरीवाले आले, तिनं नको म्हणलं. म्हणती, बघायला आलेल्यांत खोटं करताना घाम फुटलेला तो एकटाच व्हता."

माझ्या हातातला पाना खाली पडला. शेटजींनी तो उचलून मला दिला.

पाहुणे त्यांच्याकडे वळले. "शेटजी, मागच्या टायमाला तुम्ही एकदम साफ सांगितलं. म्हणले, पोरगा बराय, दुकान बरं न्हाई. आता काय म्हणता?"

शेटजींनी दुकान बघितलं. ओळीनं लावलेले पंप बघितले. मग मला बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, हातातल्या पान्यासकट, आणि त्यांना त्याला जरा जास्तच वेळ लागला.

"दुकान बराबर हाय," ते म्हणाले. "पोराला चालवून घ्या."